मत देईस्तोवर पाणी नाही

कलेक्टर कचेरीतल्या टेबलाची काच ओव्हाळ सरांनी फोडली, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. काचेचा एक तुकडा उडून माझ्या चहात पडला. मीटिंग दुष्काळाची होती. समितीतल्या एका बड्या अधिकाऱ्यानं गोड हसत, सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "ओव्हाळ सर, तुमचं सगळं बरोबर आहे हो, फक्त जरा सौम्य लिहा." सरांनी खांद्यावरच्या खाकी पिशवीतून हातोडी काढली आणि दाणकन टेबलावर हाणली. मग अगदी शांत आवाजात विचारलं, "आता ह्या काचेबद्दल सौम्य लिहून दाखवा. फुटली म्हणायचं, का जरा नाराज झाली म्हणायचं?"

शिपाई धावत आला. कलेक्टर मॅडम नव्या होत्या. त्यांनी काचेकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचा मुद्दा घ्या." त्या दिवसापासून सरांचं आणि मॅडमचं जमलं.

लिंबाजी ओव्हाळ. अंबाजोगाईला आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. दोन प्रयोगशाळांत एकच भिंत, आणि त्या भिंतीपलीकडं हा माणूस दिवसभर दगड फोडायचा. माझ्या काचेच्या नळ्या स्टँडवर थरथरायच्या. पहिल्याच महिन्यात मी तावातावानं भांडायला गेलो, तर दारातच एक विद्यार्थी माझ्या अंगावर येऊन आदळला. सरांनी त्याला गचांडी धरून बाहेर ढकललं होतं. गुन्हा एवढाच, की त्यानं हातातला दगड नुसता बघून नाव सांगितलं होतं. "फोडलास का? आतून बघितलास का? मग कावून बोललास?" सर ओरडत होते. मी माझं भांडण विसरलो. तसा मीही काही गरीब गाय नाही, घाटनांदूरचा स्वामी आहे, तोंडाला तोंड देणारा. पण त्या दिवशी गप परत आलो.

बुटका माणूस, मान जाड, रंग काळाभोर, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पिशवीत तीनच वस्तू: हातोडी, भिंग आणि पाण्याची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची बाटली, ठिकठिकाणी चेपलेली. हातोडी बापाची होती. मोठ्या दुष्काळात सरकारनं रस्त्याची कामं काढली, तेव्हा सरांचे वडील उन्हात बसून ह्याच हातोडीनं खडी फोडायचे. दांडे बदलले, लोखंड तेच राहिलं. "आमच्या घरात दगड फोडायचाच धंदा हाय बे स्वाम्या," ते म्हणायचे. "बाप पोटासाठी फोडायचा, मी सरकारसाठी फोडतो. बापाला भाकर तरी मिळायची, मला शिव्या मिळतात."

सरकारसाठी म्हणजे असं, की जिल्ह्यात पाणी आटलं, नव्या बोअरला बंदी घालायची का, तलावातलं पाणी कुणाला द्यायचं, असला पेच पडला की कचेरीतून कॉलेजला पत्र यायचं आणि सर समितीवर जायचे. सरकारला बाहेरच्या जाणकाराचं मत हवं असायचं. निदान कागदावर तरी. सर एसटीनं जायचे, कचेरीची जीप नको म्हणायचे. पाण्याची तपासणी लागली की मला ओढून न्यायचे. वाटेत एकच पाठ द्यायचे, "सरकारला सल्ला देणारानं सरकारचा नोकर असू नये आन कारखान्याचा पाव्हणा असू नये. दोन्हीकडून शिव्या आल्या की समजायचं, जागा बरोबर हाय."

ह्यातूनच त्यांची ती खोड निघाली, जिच्यापायी पुढं सगळं रामायण घडलं. ज्या गावाबद्दल मत द्यायचं, त्या गावात मत देईस्तोवर ते पाण्याचा थेंब तोंडात घालायचे नाहीत. चहा तर सोडाच. त्यांचं म्हणणं, "पाणी पिलं की माणूस पाव्हणा होतो. पाव्हणा खरं बोलत न्हाई, गोड बोलतो." उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, समोर थंडगार तांब्या आला की सर हात जोडायचे आणि पिशवीतली बाटली काढून गरम पाणी प्यायचे.

आता हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर लोक म्हणाले असते, माणूस तऱ्हेवाईक आहे, सोडा. पण हे ओव्हाळ करायचे. ज्यांच्या आज्याला गावच्या आडावर पाय ठेवू दिला नव्हता, ज्यांच्या आईनं लहानपणी ओंजळ पुढं करून वरून ओतलेलं पाणी पिलं होतं, त्या घरातला माणूस आता पाटलाच्या ओसरीवर खुर्चीत बसून म्हणतो, नको, माझं माझ्याजवळ हाय. छप्पन सालानंतर ह्यांच्या वस्तीनं गावापुढं मान झुकवायची सोडली होती, हे गावानं कसंबसं पचवलेलं. पण हे? मी एकदा म्हटलंही, "सर, लोकांना वाटतं तुम्ही उट्टं काढता."

"वाटू दे," ते म्हणाले. "थोडं काढत पण असीन. पण नियम त्याच्यासाठी न्हाई."

चिंचदरा हे गाव सिरसाळ्याच्या पलीकडं, एका सहकारी साखर कारखान्याच्या खालच्या अंगाला. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातलं घर न् घर कारखान्याचं सभासद, आणि गावाचे भाऊराव नाना सरपंचही आणि कारखान्याचे संचालकही. पांढऱ्या मिशा, हातात काठी, आवाज असा की शिवारात हाक मारली तर शेजारच्या गावातलं कुत्रं उठून बसावं. त्या वर्षी गावाला टँकर सुरू होता. टँकर आला की घागरी घेऊन बाया धावायच्या आणि मग त्याच घागरी एकमेकींच्या डोक्यात. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दिवशी एका बाईचं कपाळ फुटलेलं पाहिलं. तिनं टँकरच्या पाइपाखाली रक्त धुतलं, पदर दाबून धरला आणि पुन्हा नंबरला उभी राहिली. कुणी तिच्याकडं बघितलंही नाही.

नानांनी मारुतीच्या देवळापुढं बोअरची जागा ठरवली होती. पाणाड्या आणला होता, त्याच्या तळहातावरचा नारळ तिथं उभा राहिला म्हणे. सरकारी बोअर म्हणून सरांचं मत मागवलेलं. सरांनी आजूबाजूचे चार दगड फोडले, कानाशी धरून वाजवले, ओढ्यापर्यंत चालत जाऊन आले. नाना तांब्या घेऊन उभेच होते. सरांनी हात जोडले.

"आमच्या हातचं चालत न्हाई व्हय रे तुला?" नाना म्हणाले.

"मत देईस्तोवर न्हाई चालत. आन रे म्हणू नका."

नानांनी थोबाडीत मारली. आवाज देवळाच्या भिंतीवर आपटून परत आला. तो विरायच्या आत सरांनी उलट्या हातानं नानांच्या कानाखाली ठेवून दिली. नानांचा पटका धुळीत पडला. गाव जागच्या जागी थिजलं. मी टँकरच्या मागं होतो, खोटं कशाला बोलू. आता इथं मुडदे पडणार असंच मला वाटलं. पण सरांनी खाली वाकून पटका उचलला, झटकला, नानांच्या हातात दिला आणि म्हणाले, "झालं आपलं दोघांचं. आता ऐका. इथं पाणी न्हाई. मारुती हाय, नारळ हाय, पाणी न्हाई. ओढ्याच्या वळणावर पाडा."

नानांनी देवळापुढंच मशीन लावली. सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत पांढरा फुफाटा ओकत राहिली. नाना डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळल्यासारखे झाले, मिशा कोणत्या आणि धूळ कोणती कळेना. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या वळणावर भोक पाडलं, आणि गावाच्या पिण्यापुरतं पाणी लागलं. नाना म्हणाले, "माणूस तोंडाचा लई घाण हाय. पण दगडाचा पक्का हाय." ही त्यांची पावती. सर मात्र मत देऊन झालं होतं तरी पाणी न पिता परत आले. कुणी पुन्हा विचारलंच नव्हतं.

त्यानंतर कारखान्यानं दारूची डिस्टिलरी काढली, आणि तिचं मळीचं पाणी माळावर मोठमोठे खड्डे खणून त्यात सोडायला सुरुवात केली. पुढच्याच उन्हाळ्यात चिंचदऱ्याच्या विहिरी बदलल्या. पाणी आधी पिवळं, मग तांबडं, मग काळ्या चहासारखं. वास असा की बैल तोंड लावेनात. ओढ्याच्या वळणावरचा बोअरही नासला. एका घरचं लहान लेकरू हगवणीनं दगावलं, आणि त्याचा बाप कारखान्याच्या गेटावर जाऊन दगड मारून आला. वॉचमननी त्याला काठ्यांनी फोडून काढलं. तेव्हा नाना उठले. संचालक असून उठले, हे लक्षात ठेवा. त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, बाटली थेट कलेक्टर मॅडमच्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, "मॅडम, प्या. आमच्या गावचा चहा हाय." आणि चौकशी करायचीच असेल तर ओव्हाळला घ्या, तो कुणाच्या बापाला भीत न्हाई, हेही नानाच बोलले. मॅडमनी तिघांची समिती नेमली. दोघं सरकारी, तिसरे आमचे सर.

प्रश्न साधा होता: विहिरी कशानं नासल्या आणि आता काय करायचं? पण त्या वर्षी पुन्हा पावसानं दगा दिला. ऊस कसाबसा उभा होता आणि गाळप सुरू झालं होतं. कारखाना बंद पडला तर ऊस शेतातच वाळणार, आणि कारखाना चालू राहिला तर विहिरी मरणार. ज्या माणसाची विहीर नासली होती, त्याचाच ऊस उभा होता. कारखान्याचे चेअरमन हुशार माणूस. त्यांनी गावोगाव एकच हूल उठवली, ओव्हाळ कारखान्याला टाळं लावणार. म्हणाले, त्याला काय, त्याच्या घरी उसाचं टिपरू तरी हाय का?

मी तपासण्या करत होतो, पण सरांचं मत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "ज्यानं विचारलंय त्याला आधी. तू तुझं पाणी तपास."

शेवटचे नमुने घ्यायला आम्ही चिंचदऱ्याला गेलो. दुपार होती. विहिरीवर शंभरेक माणसं जमलेली, बाई एकही नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाना पुढं आले. हातात तोच तांब्या.

"सर," नाना म्हणाले. सर म्हणाले बरं का, रे नाही. "पाणी घ्या. आन एवढंच सांगा, कारखाना बंद करणार का न्हाई?"

"मत कलेक्टरला देणार."

"आमीच तुमाला बोलावलं ना? आमालाच सांगा ना मग!"

"तुमी बोलावलं म्हणून तर सांगत न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी पीत न्हाई भाड्या, अजून माज हाय बघा!" आणि माझ्या कपाळावर दगड बसला. मला आठवतं ते असं: माझ्या बाटल्या फुटल्याचा आवाज, तोंडात रक्ताची चव, आणि माणसांच्या पायांच्या जंगलातून दिसणारा सरांचा पांढरा शर्ट. लाथा, बुक्क्या, काठ्या. सर पडले, उठले, एकाला त्यांनी डोक्यानं धडक देऊन पाडलं, पुन्हा पडले. "हो म्हण का न्हाई म्हण!" लोक ओरडत होते. "बंद का चालू? बोल!" प्रत्येक फटक्याला तोच सवाल. आणि तो माणूस रक्त थुंकत एकच बोलत होता, "कलेक्टरला देणार."

मग नानांनी पिशवीतली हातोडी ओढून काढली. दोघांनी सरांचा उजवा हात विहिरीच्या कठड्यावर दाबून धरला. "ह्याच हातानं लिवणार ना?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज रडका झाला होता, हे मी शपथेवर सांगतो. हातोडी वर गेली आणि खाली आली. पुन्हा वर गेली. बापाच्या हातोडीखाली पोराची बोटं. दगड फोडायचा आवाज मी जन्मभर ऐकला होता. हा तसला नव्हता. मी ओकलो.

सरांनी किंकाळी फोडली. पण उत्तर दिलं नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्यांना खाटेवर टाकलं. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, एक डोळा मिटलेला, बरगड्या आवळलेल्या. चेअरमन भेटायला आले, शहाळी घेऊन. खुर्ची ओढून बसले, गावकऱ्यांच्या अडाणीपणाबद्दल हळहळले आणि हळूच म्हणाले, "सर, आता विश्रांती घ्या. बाकीच्या दोघांनी पुरावा अपुरा आहे असं लिहिलंय. तुम्हीही तेवढंच लिहा, कुणाचंच वाकडं व्हायला नको." सरांनी डाव्या हातानं शहाळं उचललं आणि चेअरमनच्या तोंडावर फेकलं. नेम चुकला. शहाळं खिडकीची काच फोडून बाहेर गेलं आणि खाली कुणाच्या तरी मोटारसायकलवर पडलं. चेअरमन उठले ते जिन्यावर जाऊनच थांबले. मी हसायला लागलो तर माझ्या कपाळाचे टाके ताणले.

"स्वाम्या, कागद घे," सर म्हणाले. "लिव."

मी लिहीत गेलो. खड्डे कशात खणलेत, तो मऊ मांजऱ्या खडक कसा भेगाळलेला आहे, भेगा कोणत्या अंगाला उतरतात, मळीचं पाणी माळावरून विहिरींत कसं जातं. सगळं फोडून, आतून बघून. डिस्टिलरी ताबडतोब बंद करावी. खड्डे उपसून काढावेत. गावाला टँकर कारखान्यानं द्यावा. आणि मग ते म्हणाले, "लिव. विहिरी नासल्या त्या डिस्टिलरीनं. साखरेच्या गाळपाचा ह्याच्याशी संबंध दिसत न्हाई. उभा ऊस गाळून संपवावा. गाळप थांबवण्याचं कारण न्हाई."

माझा पेन थांबला. दोन क्षण मला कळेचना. मग कळलं, आणि माझ्या डोक्यात असा जाळ झाला की मी कागद जमिनीवर आपटला. "सर! हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत? एक वाक्य! ऊस गाळून देणार, एवढं एक वाक्य बोलला असतात तर त्यांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं! बोटं वाचली असती! वेड लागलंय का तुम्हाला?"

मी खरंच ओरडत होतो. नर्स दारात आली. सरांनी उघडा एक डोळा माझ्याकडं वळवला. मग म्हणाले, "मारून विचारलं त्यांनी. मारल्यावर दिलेलं उत्तर खरं असलं तरी ते मत राहत न्हाई बे. आज मार खाऊन चांगलं बोललो असतो. उद्या दुसरा कुणी मारून वाईट बोलायला लावील. मग माझ्या कागदाला कुत्रं तरी विचारील का?"

"आणि हात?"

"हात दुखतोय," ते म्हणाले. "लई दुखतोय, स्वाम्या." आणि तो दगड फोडणारा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मी कागद उचलला आणि त्यांच्या उशाशी बसून राहिलो. मलाही रडू आवरलं नाही.

सही करता येईना. डाव्या हातानं प्रयत्न केला, पण सही त्यांची त्यांनाच ओळखू येईना. शेवटी शाईचा पॅड मागवला आणि डॉ. लिंबाजी ओव्हाळ, भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख, यांनी सरकारला दिलेल्या अहवालाखाली डाव्या हाताचा अंगठा उमटवला. "बाप अंगठाच लावायचा," ते म्हणाले. "बघ, कसा बरोबर वळणावर आलो." अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

कलेक्टर मॅडमनी दोघांचं मत बाजूला ठेवलं आणि अंगठ्याचं उचललं. डिस्टिलरीला सील लागलं. मॅडमची बदली झाली, पण आदेश काढल्यानंतर. आणि चिंचदऱ्याचा ऊस, नानांच्या उसासकट, शेवटच्या टिपरापर्यंत गाळला गेला. त्या वेळी नाना कोठडीत होते. कारण सरांनी फिर्यादही दिली होती, ॲट्रॉसिटीसकट, प्रत्येक नाव घेऊन. गावातून लोक आले, आता मिटवा म्हणाले, तुमी तर आमचं भलंच केलं. सरांनी त्यांना दारातच उभं केलं. "भलं केलं तो सल्ला. ही फिर्याद. दोन्ही एकमेकांत कालवू नका." कोर्टात नानांनी एकदाही नाही म्हटलं नाही. शिक्षा झाली, ती भोगली.

सरांची बोटं परत सरळ झाली नाहीत. तीन बोटं तळव्याकडं वळून आखडली ती आखडलीच. खडू धरता येईना, म्हणून ते डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले, आणि पोरं अक्षराला हसली की डाव्याच हातानं डस्टर फेकून मारायचे. पुढं ते रिटायर झाले. समित्यांवर घेणं तर त्यांना कधीच बंद झालं होतं. सौम्य लिहिणारी माणसं भरपूर मिळतात.

एका जानेवारीत सर माझ्या घरी आले आणि म्हणाले, "चल, चिंचदऱ्याला जाऊन येऊ." मी म्हटलं, "डोकं फिरलंय का?" ते म्हणाले, "विहीर बघायचीय." एसटीनं गेलो. गाव बदललं होतं, पत्र्यांच्या जागी स्लॅब आले होते, पण मारुतीपुढं तो कोरडा बोअर तसाच, तोंडाला दगड लावलेला. विहिरीच्या कठड्यावर नाना बसले होते. आम्ही येणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते रोजच तिथं बसायचे, असं नंतर कळलं. फार थकले होते, मिशा गळून गेल्या होत्या.

नानांनी आम्हाला ओळखलं. उठून उभे राहायला त्यांना वेळ लागला. माणसं जमायला लागली, तसा माझा हात आपोआप कपाळावरच्या व्रणाकडं गेला. नाना विहिरीकडं वळले. त्यांनी विहिरीतून पोहरा ओढला, तांब्या भरला आणि सरांपुढं धरला. पाणी दिसायला स्वच्छ होतं.

सर म्हणाले, "आता मी कुणाचाच सल्लागार न्हाई, नाना. आता पितो."

त्यांनी सवयीनं उजवा हात पुढं केला, आणि ती आखडलेली बोटं तांब्याला धरेनात. तांब्या निसटायला लागला. नाना गडबडले. त्यांनी तांब्या मागं घेतला, उंच धरला आणि सरांच्या हातावर वरून पाणी ओतायला तो कलता केला. मदत म्हणूनच. पण वरून.

सरांनी झटक्यात हात मागं घेतला. पाण्याची धार मातीत पडली.

"वरून न्हाई," सर म्हणाले. आवाज जुनाच होता, काच फोडणारा. "हातात द्या."

नानांनी तांब्या खाली आणला. त्यांना काय झालं ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या सरांच्या डाव्या हातात दिला. सरांनी तो ओठाला लावला, पुरता लावला, आणि गटागट प्याले. त्या गावचं पाणी पिताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. अर्धा तांब्या उरला तसा त्यांनी परत दिला.

सगळं गाव बघत होतं. नानांनी तांब्याकडं पाहिलं. मग सरांचे ओठ लागले होते त्याच कडेला तोंड लावून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. थोडं त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

"कसं हाय पाणी, सर?" त्यांनी विचारलं.

सरांनी जीभ टाळूला लावून बघितली. "बरं न्हाई अजून," ते म्हणाले. "मागं चव राहते. अजून काही पावसाळे लागतील. लेकरांना देऊ नका."

नानांनी मान हलवली. "न्हाई देत," ते म्हणाले.

सर विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले होते. डाव्या हातात खटल्यानंतर परत मिळालेली तीच हातोडी होती. खालून दगडावर ठोकल्याचा आवाज आला, आणि नाना कठड्याला धरून, डोळे मिटून, तो ऐकत उभे राहिले.